पाणी ओतायच्या आधी

फोडणीचं तेल तापून मोहरी तडतडायला लागली की हिंगाचा डबा हाताशीच लागतो. तेव्हा कपाटात शोधत बसलं तर मोहरी करपते. पोअर-ओव्हर कॉफीचंही, म्हणजे कागदी गाळणीतल्या पुडीवर हाताने पाणी ओतून उतरवलेल्या कॉफीचंही, तसंच आहे. ड्रिपरमधल्या, म्हणजे तो कागद बसवायच्या शंकूमधल्या, पुडीवर गरम पाण्याची पहिली धार पडली की तीन-साडेतीन मिनिटांत कॉफी उतरते, आणि तेवढा वेळ एक हात किटलीवर आणि डोळे वजनकाट्यावर अडकलेले असतात. कॉफी छान झाली किंवा बिघडली, तर त्याचं कारण बहुतेक वेळा त्या तीन मिनिटांच्या आधीच घडून गेलेलं असतं, कधी कधी आठवडाभर आधी. पुण्यात आमच्या घरी मी रोज सकाळी दोन कप अशी कॉफी करते. त्याची तयारी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने इथे सांगते.

आधी बिया. पाकिटावर रोस्टिंगची तारीख शोधा. नुसतं 'अमुक महिन्यांच्या आत वापरावे' एवढंच छापलेलं असेल तर ते पाकीट या कामाचं नाही. बिया भाजल्या की त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड कोंडून राहतो आणि पुढचे बरेच दिवस हळूहळू बाहेर पडतो. अगदी कालच भाजलेली कॉफी ओतताना इतकी फसफसते की पाणी पुडीत नीट शिरतच नाही. लोणचं मुरावं लागतं तशा या बियाही आठवडा-दहा दिवस मुरू द्या. पुढचे तीन-चार आठवडे त्या ऐन रंगात असतात. अडीचशे ग्रॅमचं पाकीट, दोन कपांना ३० ग्रॅम, म्हणजे आठ दिवसांची बेगमी. एकदम किलोभर आणून ठेवण्यात फायदा नाही.

चांगल्या बियांसाठी आपल्याला लांब बघायची गरज नाही. चिकमगळूर आणि कोडगूच्या डोंगरांत, आंध्रातल्या अराकूत सुरेख अरेबिका, म्हणजे कॉफीची सौम्य जात, पिकते. आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफीची लागवड आहे, हे मला बरंच उशिरा कळलं आणि फार बरं वाटलं. पहिल्यांदा घेत असाल तर मध्यम भाजलेली, वॉश्ड पद्धतीने, म्हणजे फळाचा गर धुऊन मग बी वाळवून, तयार केलेली अरेबिका घ्या. पाकिटावर एस ७९५ असं लिहिलेलं दिसलं तर तो चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून आलेला वाण आहे. सौम्य, गोडसर, रोज प्यायला उत्तम. आणि एक गोष्ट नक्की तपासा, ती म्हणजे चिकोरी, एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड. दुकानात 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत ती बऱ्याचदा असते आणि तिचं टक्क्यांतलं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. दाक्षिणात्य डिकॉक्शनमध्ये, दुधासोबत चिकोरी शोभते. कागदातून उतरणाऱ्या कोऱ्या कॉफीत मात्र तिचा दाट कडवटपणा सगळं झाकून टाकतो.

बिया फ्रिजमध्ये ठेवू नका. थंड बरणी बाहेर काढली की आत दव धरतं, शिवाय शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास लागतो तो वेगळाच. हवाबंद डबा, अंधारं कपाट, गॅसपासून लांब, एवढं पुरे. पावसाळ्यात मात्र जास्त जपा. जुलैमध्ये डबा दिवसातून चार वेळा उघडला तर बियांचा कुरकुरीतपणा दोन दिवसांत जातो. तेव्हा मी आठवड्याच्या बिया रोजच्या मापाने छोट्या बरण्यांत भरून ठेवते.

आता पाणी, आणि इथे मी जरा थांबणार आहे. कपातल्या कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग पाण्याचाच असतो, तरी आपण बियांवर हजार रुपये घालवतो आणि पाण्याकडे बघतही नाही. एका मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकर यायला लागले आणि माझी कॉफी अचानक मचूळ झाली. बिया त्याच, प्रमाण तेच. मी आधी दळण बदललं, मग बिया बदलल्या, तीन आठवडे हैराण होते. शेवटी आईने सांगितलं, "अगं, या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाहीये." उत्तर तिथेच होतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो, ते पाणी जड. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतलं आम्ल मारून टाकतात, आणि चांगल्या कॉफीची फळांसारखी तरतरी त्या आम्लातच असते. उलट टोकाला आरओचं पाणी. त्यातून क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, आणि चव ओढून घ्यायला पाण्यात थोडं मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतंच. असल्या पाण्यात कॉफी पोकळ आणि बोचरी लागते. कॉफीच्या जगात साधारण १५० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) पाणी चांगलं मानतात. पेनासारखा टीडीएस मीटर थोडक्यात मिळतो, तो एकदा आणा आणि घरातलं सगळं पाणी मोजून बघा. महापालिकेच्या नळाला धरणाचं पाणी येत असेल तर ते बहुधा तसंच चालतं. फक्त क्लोरीनचा वास येत असेल तर रात्री पातेल्यात काढून वर पातळ फडकं टाकून ठेवा, सकाळपर्यंत वास बराच उतरतो. बोअरचं पाणी असेल तर ते थोडं आणि आरओचं जास्त असं मिसळून मीटर शंभर ते दीडशेच्या मध्ये आणा. प्रमाण एकदा ठरलं की दोन लिटरची बाटली रात्रीच भरून ठेवायची.

ग्राइंडरबद्दल मी थोडी हट्टी आहे. पैसे कुठे घालायचे असतील तर इथे घाला. ड्रिपर साधा प्लॅस्टिकचा चालेल. मिक्सरचं पातं बिया फोडतं, दळत नाही. काही कण पिठासारखे होतात, काही डाळीएवढे राहतात. पिठाची कडू होते, डाळीची आंबट राहते, आणि दोन्ही एकाच कपात येतात. दात असलेला, म्हणजे बर असलेला, हाताने फिरवायचा ग्राइंडर तीस ग्रॅम बिया दोन-तीन मिनिटांत दळतो. तो येईपर्यंत मिक्सरच वापरायचा असेल तर मसाला कधीच न वाटलेलं छोटं भांडं घ्या, थांबत थांबत फिरवा, आणि मैद्याच्या चाळणीने पीठ चाळून काढा. त्याने खरंच फरक पडतो. दळण किती जाड हवं? बारीक रव्यापेक्षा जाड, इडली रव्यापेक्षा बारीक. आपल्या ग्राइंडरची जाडी ठरवणारी चकती किती खटके फिरवली म्हणजे हे दळण, ते एकदा सापडलं की डब्यावरच लिहून ठेवा. आदल्या रात्री बिया मोजून वाटीत काढून ठेवायला हरकत नाही, पण दळू नका. दळलेल्या पुडीचा वास फार लवकर उडून जातो आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच. सकाळी दळायच्या आधी बोट ओलं करून बियांना एक थेंब चोळला तर पूड ग्राइंडरला चिकटत नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे विशेष उपयोगी पडतं.

फिल्टर पेपर ड्रिपरच्या मापाचेच आहेत ना, ते पाकीट उघडायच्या आधी बघा. ०१ चा ड्रिपर एक-दोन कपांचा, ०२ चा चार कपांपर्यंतचा, आणि दोघांचे कागद वेगळे. कागद आजूबाजूचा वास फार पटकन घेतो, त्यामुळे मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. हा कागद येण्यामागे एक गृहिणी आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ यांना कपाच्या तळाला साचणाऱ्या गाळाचा कंटाळा आला होता. त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद बसवला आणि वरून कॉफी ओतून बघितली. १९०८ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. आपण आज ओट्यावर करतो ते मुळात तेच.

किटली हंसाच्या मानेसारखी बारीक तोटीची असली तर धार हातात राहते. नसेल तर पाणी साध्या पातेल्यात उकळून बारीक तोटीच्या स्टीलच्या चहादाणीत ओता, काम भागतं. ओतताना पाणी चार-पाच अंशांनी उतरतं हे मात्र लक्षात ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ला. त्यामुळे हलक्या किंवा मध्यम भाजलेल्या कॉफीला आपल्याकडे उकळी फुटल्यावर फार थांबायचं कारण नाही. गडद भाजलेली असेल तर मिनिटभर झाकण उघडं ठेवा. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा असेल तर उत्तम, एक ग्रॅमचा असला तरी चालतो. चमच्याने मोजू नका, हलकी भाजलेली आणि गडद भाजलेली बी एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाची भरते. काट्याची बॅटरी रात्रीच बघून ठेवा.

आणि ओटा. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण आपल्या घरांत तयारीचा खरा भाग हाच आहे. सकाळी सात ते साडेसात आमच्याकडे चहा, डबे आणि दूध यांची वेळ असते. त्या गर्दीत कॉफी करायला गेलं की कुणीतरी कुकर ठेवायला येतं आणि धार चुकते. म्हणून मी साडेसहा ठरवून घेतले. आईला ही कोरी कॉफी चालत नाही. तिला दुधाची, साखरेची, वर जायफळ किसलेली कॉफी लागते, आणि ती मला स्वतःलाही अतिशय आवडते. तिचं दूध शेजारच्या शेगडीवर आधीच तापवून झाकून ठेवते, म्हणजे मधे हात घालावा लागत नाही.

आता सकाळ. दोन कपांसाठी एका चिठ्ठीवर एवढं लिहून समोर चिकटवा: पूड ३० ग्रॅम, पाणी ५०० ग्रॅम, सुरुवातीला ९० पर्यंत ओतून पाऊण मिनिट थांबायचं, मग सव्वा मिनिटापर्यंत ३००, पावणेदोनपर्यंत ५००, आणि साडेतीनच्या आसपास थेंब थांबायला हवेत. एकट्यासाठी सगळं निम्मं, अर्धा मिनिट आधी उरकतं. डोकं सकाळी आकडे धरून ठेवत नाही, चिठ्ठी ठेवते. भांड्यात पाचशे उतरणार नाहीत, कारण पूड आपल्या वजनाच्या दुपटीने पाणी धरून ठेवते. साधारण ४४० मिळतात, तेवढ्याच मापाचे कप काढा. किटली ठेवल्यावर बिया दळा. कागदाची शिवण दुमडून ड्रिपरमध्ये बसवा आणि पहिलं उकळतं पाणी कागदावरच ओता. कागदाचा वास जातो, ड्रिपर आणि खालचं भांडं तापतं. चिनी मातीच्या ड्रिपरला तर हे हवंच, नाहीतर तोच पाण्याची ऊब पिऊन टाकतो. ते पाणी कपांत ओता, कपही गरम होतात. पूड घाला, ड्रिपर हलकेच थोपटून सपाट करा, मधे बोटाने छोटा खळगा करा, काटा शून्यावर आणा. फोन आवाज बंद करून, घड्याळ सुरू करायच्या तयारीत. कपांतलं पाणी फेकून दिलं का, हे एकदा बघाच.

पहिली धार पडली की पूड कणकेसारखी फुगते आणि वर बुडबुडे येतात. ताज्या, मुरलेल्या बियांची ती खूण. पूड फुगलीच नाही तर बिया शिळ्या आहेत, आणि आता त्यावर इलाज नाही.

झाल्यावर कागद गाळासकट उचलून कुंडीच्या खतात टाका, मोरीत ओतू नका, गाळ नळीत बसतो. ग्राइंडर ब्रशने झाडा, धुऊ नका. चिठ्ठीच्या मागे दोन शब्द लिहा: आंबट लागली तर उद्या एक खटका बारीक, कडू लागली किंवा चार मिनिटं लागली तर एक खटका जाड. एका दिवशी एकच गोष्ट बदला. आणि एक पाकीट उघडलं की लगेच पुढचं मागवा. यायला दोन-तीन दिवस लागतात आणि बहुधा ते अजून मुरायचंच असतं.