मॉर्मन सासरची रियुनियन आणि नवऱ्याचं जुनं गाव: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझा नवरा मँटायचा. स्पेलिंग बघून सगळे मँटी म्हणतात पण तिथली माणसं मँटायच म्हणतात, हे जायच्या आधी शिकून घ्या, त्यांना फार बरं वाटतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीपासून दक्षिणेला दोनेक तासांवर सॅनपीट काउंटी आहे, तिथलं हे गाव. शाळा संपल्यावर त्याने गाव सोडलं, विशीत चर्चला जाणंही थांबलं, बाकीचं घर मात्र अजून पक्कं मॉर्मन आहे, म्हणजे युटात जोर असलेल्या त्या ख्रिस्ती पंथाचं. लग्नानंतर मी चार रियुनियनला, म्हणजे सगळ्या नातलगांच्या एकत्र जमण्याला, जाऊन आले, त्यामुळे ज्यांना अशा घरातून पहिल्यांदा बोलावणं आलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल. रियुनियन आणि गाव एकाच दिवशी उरकू नका. गावासाठी वेगळा दिवस ठेवा आणि तो रियुनियनच्या आधीचा ठेवा. पहिल्या वर्षी आम्ही जेवणानंतरच्या मोकळ्या वेळात तीन गाड्या भरून त्याचं जुनं घर बघायला गेलो, सगळे चुलतभाऊ बरोबर, प्रत्येकजण आपापली आठवण सांगतोय, फोटो काढतोय, आणि हा कुंपणाशी नुसता उभा. एक शब्द बोलला नाही, रात्री तंबूतही नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुढच्या खेपेला आम्ही दोघंच एक दिवस आधी पोचलो आणि सकाळी सहाला चालत निघालो, तेव्हा तो दोन तास बोलत होता.

तर आधी तारखा. बऱ्याच घरांच्या रियुनियन २४ जुलैच्या आसपास असतात, कारण १८४७ साली त्या दिवशी मॉर्मनांचे पुढारी ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले आणि युटामध्ये त्या दिवशी पायोनियर डेची सरकारी सुट्टी असते. सुट्टी म्हणजे गर्दी. मँटाय आणि शेजारच्या इफ्रममध्ये राहायच्या जागा मोजक्याच आहेत, त्यामुळे तारीख कळली की त्याच आठवड्यात बुकिंग करा. काही घरं मँटायच्या दक्षिणेला पॅलिसेड स्टेट पार्कमध्ये तळ्याकाठी तंबू टाकतात, काही वर कॅन्यनमध्ये, म्हणजे डोंगरातल्या घळीत, जातात. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांच्या वर आहे, दिवसा ऊन भाजतं आणि रात्री जुलैतसुद्धा स्वेटर लागतो, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. पाणी भरपूर प्या, टोपी घ्या.

आता "कुटुंब" म्हणजे किती ते समजून घ्या. सासू सासरे दीर नणंदा एवढंच डोक्यात असेल तर ते काढून टाका. इथे एका खापरपणजोबांचे सगळे वंशज येतात, आमच्याकडे दीडशेच्या वर माणसं असतात. सॅनपीटमध्ये एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये आलेले डॅनिश लोक खूप येऊन वसले, त्यामुळे मूळपुरुष डेन्मार्कचा असं बऱ्याच घरात ऐकायला मिळतं. त्याच्या प्रत्येक मुलाची एक शाखा आणि प्रत्येक शाखेचा टी-शर्ट वेगळ्या रंगाचा. साईज विचारणारा मेसेज आला की लगेच उत्तर द्या, तो शर्ट म्हणजे तुमची ओळख असते, कोणीही लांबून बघून सांगतं की अच्छा तू अमक्याच्या शाखेतली.

आणि हो, काही घरात त्या खापरपणजोबांना दोन किंवा जास्त बायका होत्या. चर्चने १८९० साली नवी बहुपत्नीत्वाची लग्नं थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण वंशावळ तर तशीच राहणार ना. पहिल्या बायकोची शाखा, दुसऱ्या बायकोची शाखा असं तिथे अगदी सहज बोललं जातं. बाहेरच्या माणसाने त्यावर विनोद करू नये. त्यापेक्षा त्या बायकांची नावं विचारा, कुठून आल्या, किती मुलं, किती जगली. एका म्हाताऱ्या आत्यांनी मला त्यांच्या पणजीबद्दल एक तास सांगितलं होतं आणि ती गोष्ट माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हती.

जेवणाचं शाकाहारी लोकांनी नीट वाचा. फ्यूनरल पोटॅटोज नावाचा पदार्थ असणारच, बटाटा, चीज, सावर क्रीम आणि वर कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीत थर. दिसायला पूर्ण शाकाहारी पण आत बहुतेकदा चिकनचं सूप असतं, विचारून घ्या. जेलोचंही, म्हणजे जेलीचंही, तसंच, २००१ मध्ये युटाने त्याला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं इतकं तिथे प्रेम आहे, पण त्यातलं जिलेटिन प्राण्यांपासून येतं. कोणत्या घराने काय आणायचं हे आधी वाटून दिलेलं असतं, तेव्हा स्वतःहून एखादी भाजी किंवा मोठं सॅलड अंगावर घ्या, म्हणजे आपलीही सोय होते. जेवणाआधी प्रार्थना होते, हात घडी करून डोळे मिटायचे आणि शेवटी सगळ्यांबरोबर आमेन, तुमचा विश्वास असो नसो शांत उभं राहणं पुरे आहे.

चहा कॉफी. १८३३ पासूनचा वर्ड ऑफ विजडम नावाचा नियम आहे त्यात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा चारही बसतात, चहा म्हणजे ग्रीन टीसुद्धा. गवती चहा किंवा पुदिन्याचा काढा चालतो, आणि कोल्ड्रिंक मात्र सर्रास पितात. तुम्हाला कोणी पिऊ नका म्हणणार नाही पण थर्मास घेऊन मंडपात बसू नका, सकाळचा चहा खोलीवरच करून घ्या.

गावाच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण माझा जीव त्यात जास्त आहे. सॉल्ट लेकहून येताना स्पॅनिश फोर्क कॅन्यनमधून ८९ नंबरच्या हायवेला लागलात की थिसल नावाची जागा येते. १९८३ च्या एप्रिलमध्ये दरड कोसळून नदी अडली आणि ते अख्खं गाव पाण्याखाली गेलं, पाण्यात अर्धं बुडालेलं एक घर अजून रस्त्यावरून दिसतं. तिथे गाडी थांबवा. नवरा म्हणतो की लहानपणी इथे आलं की आजोबा गाडी हळू करायचे. मग फेअरव्ह्यू, माउंट प्लेझंट, इफ्रम, आणि सपाट शेतांच्या पलीकडे टेकडीवर मँटायचं मॉर्मन मंदिर लांबूनच दिसायला लागतं, तिथल्याच फिकट पिवळसर चुनखडीच्या दगडाचं, १८८८ साली पूर्ण झालेलं. आत फक्त चर्चचं परवानगीपत्र असलेले सदस्य जाऊ शकतात, कधीमधी नूतनीकरणानंतर सगळ्यांसाठी खुलं करतात तेवढंच. पण बाहेरच्या बागेत कोणीही बसावं. संध्याकाळी बसा.

पत्ते तिथे रस्त्यांच्या नावाने नसतात, मधल्या चौकापासून किती लांब त्यावर असतात, ३०० नॉर्थ २०० ईस्ट असे. आधी विचित्र वाटतं पण एकदा समजलं की लहान पोरगंही वाट चुकत नाही. नवऱ्याला घराचा नंबर आठवत नव्हता पण "तीन नॉर्थवरचा पाट", म्हणजे ३०० नॉर्थवरचा, आठवत होता. रस्त्याकडेला पाण्याचे पाट वाहतात आणि प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली, रात्री दोनला आजोबा त्याला उठवायचे आणि कंदील घेऊन दोघं पाटाचं दार उघडायला जायचे. हे त्याने मला पहिल्यांदा तिथे उभं राहून सांगितलं. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची पाळी असते तशीच, मला ते इतकं ओळखीचं वाटलं की काय सांगू. म्हणून सांगते, चालत जा, गाडीतून हे काही सुचत नाही. तुम्ही प्रश्न विचारू नका, शाळा, दुकान, पाट, झाड, जिथे त्याचे पाय थांबतील तिथे थांबा.

जुन्या घरात आता दुसरे लोक राहत असतील तर आगाऊ एक चिठ्ठी टाका, आम्ही अमक्या वर्षी इथे राहत होतो, दहा मिनिटं अंगण बघू का, खाली फोन नंबर. आम्हाला त्यांनी आत बोलावलं. स्वयंपाकघर पार बदललेलं होतं पण मागच्या दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा तशाच होत्या. अचानक दार वाजवू नका, आणि नाही म्हणाले तर रस्त्यावरूनच बघून निघा.

दुसऱ्या दिवशी रियुनियनला गेल्यावर एक प्रश्न नक्की येणार, "सध्या कुठल्या वॉर्डात आहात?" वॉर्ड म्हणजे स्थानिक चर्चची मंडळी, नगरपालिकेचा वॉर्ड नाही. जो चर्चला जात नाही त्याच्या पोटात या प्रश्नाने गोळा येतो. उत्तर घरूनच ठरवून न्या, छोटं आणि खरं. आमचं असं आहे, "आम्ही आता जात नाही, पण तुम्हाला भेटायला मुद्दाम आलोय." बहुतेक लोक मिठी मारतात आणि विषय बदलतात. एखादे काका बसून समजवायला लागतात, तेव्हा मंडपात वाद घालू नका, ऐका, आभार माना आणि मुलांच्या खेळाकडे जा. नवऱ्याला किंवा बायकोला एकटं सोडू नका त्या वेळी, जवळ जाऊन उभं राहिलं तरी फरक पडतो.

रविवारी खेळ, पोहणं काही नसतं, सगळे चर्चला जातात, २०१९ पासून ते दोन तासांचं झालंय. तुम्हीही पहिला तास बसू शकता. पाव आणि पाण्याचा ट्रे फिरतो, घ्यायचं नसेल तर पुढे द्यायचा, कोणी काही म्हणत नाही. महिन्याचा पहिला रविवार असेल तर त्यांचा उपवास असतो, मुलांसाठी खाऊ जवळ ठेवा.

म्हाताऱ्या माणसांजवळ बसायला मात्र वेळ काढाच. फॅमिलीसर्च हे चर्चचं वंशावळीचं ॲप फुकट आहे आणि सदस्य नसलात तरी वापरता येतं, त्यात फोटो आणि आवाज दोन्ही साठवता येतात. जुने फोटो घेऊन जा, फोटो पुढे ठेवला की माणूस आपोआप बोलतो, आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. दुपारी जेवणानंतर झाडाखाली, त्या वेळी त्यांच्याभोवती गर्दी कमी असते. ज्या आत्यांनी मला पणजीची गोष्ट सांगितली त्या पुढच्या रियुनियनला नव्हत्या, तो एक तासाचा आवाज आता सगळ्या शाखांकडे आहे.

शेवटच्या दिवशी पुढच्या वेळची कामं वाटतात. काही घ्यायचं असेल तर नाश्ता घ्या, पहाटे राबावं लागतं पण नऊपर्यंत मोकळे होता. गेल्या खेपेला कमिटीने विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आत नवऱ्यानेच हात वर केला. दीडशे माणसांचे पॅनकेक आहेत, आजोबांचा मोठा तवा कुणाकडे आहे ते तो आत्तापासून शोधतोय.