पॅनेलिंगला रंग द्यायचाय? मग रंगाचा डबा सगळ्यात शेवटी आणा

कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, कुठल्याही जुन्या बंगल्यात जावा, हॉलची एक तरी भिंत चॉकलेटी लाकडी पॅनेलिंगची असतेच. सागाचं व्हिनियर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), मधनं उभ्या खाचा, वर चकचकीत पॉलिश. त्या काळात ते लई भारी दिसायचं, पण आता त्याच हॉलमध्ये भर दुपारी ट्यूब लावावी लागते. सुतार बोलवला तर तो पहिलं म्हणणार, काढून टाकूया की सगळं. पण काढलं की मागची भिंत निघते खिळ्यांनी चाळण झालेली, मग प्लास्टर आलं, पुट्टी आली, वायरमन आला आणि खर्च कुठच्या कुठं जातो. त्यापेक्षा पॅनेलिंग धड असेल तर त्याच्यावरच रंग मारा, रूम एकदम उजळते. फक्त एक ध्यानात घ्या, हे काम रंगाचं कमी आणि रंगाच्या आधीचं जास्त आहे. रंग सोलून निघालाय असं जिथं जिथं बघायला मिळतं तिथं डब्यातल्या रंगाची चूक क्वचितच असते, खालची चमक तशीच ठेवून वर रंग फासलेला असतो.

आधी तुमच्याकडं नेमकं काय आहे ते ओळखा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या वाड्यात अखंड सागवानाच्या फळ्या असतील तर माझं ऐका, हात लावू नका, पॉलिश उतरवून नवीन करून घ्या, कारण रंग मारायला दोन दिवस लागतात पण खाचाखोचांतनं तो परत काढायला महिना पुरत नाही. बाकी बंगल्या-फ्लॅटात शक्यतो प्लायवर व्हिनियर नाहीतर सनमायका असतो. सनमायका हाताला गार लागतो, नख रुतत नाही आणि कडेला बारीक काळी-तपकिरी रेघ दिसते. व्हिनियर असेल तर वरचं पॉलिश कसलं ते बघा, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून सोफ्यामागच्या एखाद्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. कापूस चॉकलेटी झाला आणि जागा चिकचिक करायला लागली तर ते जुनं लाखेचं फ्रेंच पॉलिश, ते स्पिरिटनं पुसून जेवढं निघेल तेवढं काढायचं. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असणार, ते निघत बसत नाही, ते घासायचं.

मग बोटानं ठोकत ठोकत सगळी भिंत फिरा. भद् भद् आवाज आला, खाली बारीक पीठ पडलेलं दिसलं किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी नाहीतर कीड आहे, तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी आलं होतं, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, बावडा या बाजूचे, त्यांनी खालचे दोन-तीन फूट नीट बघा. प्लाय फुगून थर सुटले असतील तर वर कितीबी भारी रंग मारा, ती लाट दिसणारच. तेवढा पट्टा कापून नवीन प्लाय बसवा आणि जोडावर लाकडी पट्टी मारा, डिझाइन केल्यासारखं दिसतं.

वेळेचं बोलायचं तर पावसाळ्यात हे काम काढू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडं लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेलं असतं, ऑइल पेंट दोन-दोन दिवस चिकट राहतो, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि जोडाला भेगा पडतात. गणपतीच्या आधी घाईनं उरकलेलं काम संक्रांतीपर्यंत तडकतं ते यामुळंच. दिवाळी झाल्यावर ते मे च्या मध्यापर्यंत मस्त टाइम आहे.

आता धुणं. बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा, हातात रबरी ग्लोव्हज, फडकं घट्ट पिळून पुसायचं, पाणी ओतायचं नाही. मग साध्या पाण्याचं फडकं दोनदा. देवघराकडच्या बाजूला उदबत्ती-समईची काजळी असते, किचनकडं फोडणीचा चिकटा, पण सगळ्यात डेंजर जागा म्हणजे सोफ्याच्या मागं जिथं डोकं टेकतं ती. तिथं वर्षानुवर्षाच्या खोबरेल तेलाचा गोल डाग असतो, पॉलिश चकचकीत असल्यामुळं डोळ्याला दिसत नाही, पण त्यावर रंग मारला की रंग फाटतो, बारीक बारीक गोल खड्डे पडतात आणि वर कितीही हात मारले तरी ते बुजत नाहीत. ती जागा भांड्याच्या लिक्विडनं वेगळी घासा, वाळू द्या, मग मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा. पुसताना खिडक्या उघड्या पाहिजेत आणि जवळ गॅस-समई काही पेटलेलं नको.

पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपर. १५० नंबरनं सुरुवात, मग २२०, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. गुळगुळीत करायचं नाहीय, चमक घालवायचीय, तिरकी बॅटरी धरून बघितलं की सगळीकडं सारखं मंद दिसलं पाहिजे. मशीन लावायचा मोह होतो पण व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, मशीन एका जागी जरा थांबलं की खालचं प्लाय बाहेर येतं. खाचांत पेपर दुमडून हातानंच जायचं, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. पॅनेलवर आधीच एखादा जुना ऑइल पेंट असेल तर कोरडं घासू नका, आपल्याकडं घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगात ते किती असेल याचा भरवसा नाही. पाणी मारत घासा, चांगला मास्क लावा, पोरांना आजीकडं पाठवा.

खिळ्यांची भोकं, टवके यांना लाकडाची लांबी (म्हणजे लाकडासाठीची पुट्टी) भरा. भिंतीची पांढरी सिमेंट पुट्टी इथं चालत नाही, लाकूड हलतं आणि ती तडकते. खाचा बुजवून सपाट भिंत करायची आयडिया बऱ्याच जणांना येते, मी तरी नको म्हणेन, एका पावसाळ्यात प्रत्येक खाचेवर उभी रेघ उमटते. खाचा असू द्या, एका रंगात आल्या की उलट छान दिसतात. पॅनेल आणि छताच्या मधल्या फटीला ॲक्रिलिक सीलंट मारा, साधं सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

प्रायमरला पैसे वाचवू नका. साग तेलकट लाकूड, त्यात रंगद्रव्य भरपूर, त्यावर डायरेक्ट पाण्याचा प्रायमर मारला की दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्यावर चहा सांडल्यासारखे पिवळट डाग उठलेले असतात, आणि वर तिसरा-चौथा हात मारला तरी ते परत वर येतात. म्हणून पहिला हात ऑइल बेस वुड प्रायमरचा किंवा लाखेच्या सीलरचा. सनमायका असेल तर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्रायमर मागा, लक्ष्मीपुरीतल्या रंगाच्या दुकानात ‘सनमायकावर मारायचाय’ असं स्पष्ट सांगा. प्रायमर वाळला की एक टेस्ट करा, कोपऱ्यात ब्लेडनं बारीक फुली मारून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला प्रायमर आला तर घासणं कमी पडलंय, परत घासा. इथं अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे.

आता आणा रंगाचा डबा. वॉटर बेस इनॅमल, सॅटिन फिनिश. साधा ऑइल पेंट स्वस्त आणि टणक असतो, पण पांढरा घेतला तर पिवळा पडतो, आणि कमी उजेडाच्या हॉलमध्ये जास्तच लवकर. ग्लॉसी नकोच, प्रत्येक उंचसखल जागा ओरडून सांगतो. शेड रात्री ट्यूबच्या उजेडात एकदा बघा, मगच ठरवा, दूधपांढऱ्यापेक्षा ऑफव्हाइट नाहीतर राखाडी हिरवा चांगला बसतो. १२ बाय १० ची भिंत असेल तर दोन हातांना साधारण दोन लिटर धरा.

एमसीबी पाडून (म्हणजे खोलीची वीज बंद करून) स्विचबोर्डच्या प्लेटा काढा. दीड इंची ब्रशनं आधी खाचा, मग लगेच ४ इंची फोमच्या रोलरनं सपाट भाग, वरनं खाली, एक फळी पुरी करून मगच दुसरी. खाचेत रंग साठतो आणि दहा मिनिटांनी ओघळतो, म्हणून मागं वळून बघत राहायचं, कोरड्या ब्रशनं टिपून घ्यायचं. पहिला हात पाच-सहा तास वाळू द्या (ऑइल असेल तर रात्रभर), ३२० चा हलका पेपर, धूळ पुसा, दुसरा हात. पहिल्या हाताला भिंत भयानक दिसते, पट्टे-पट्टे, तेव्हा घाबरून जाड थर देऊ नका. मास्किंग टेप रंग जरा ओलसर असतानाच काढा.

पेंटरला काम द्यायचं असेल तर अंगावर (म्हणजे उक्तं) देताना प्रायमर आणि पेपर किती वेळा ते आधीच बोलून घ्या, कारण काम अंगावर गेलं की पहिलं गायब होतं ते घासणं, आणि ते कळतं सहा महिन्यांनी. खाचांची भिंत आहे हे पण आधी दाखवा, नुसतं फुटावर ठरवलं की मध्येच कुरकुर सुरू होते. रंग हाताला वाळला तरी आतनं कडक व्हायला आठ-पंधरा दिवस जातात, तोवर सोफा चार बोटं लांबच ठेवा.

उरलेला रंग छोट्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा आणि शेड नंबर बरणीवरच लिहून ठेवा, सोफा घासून टवका उडाला की तेवढाच कामाला येतो.