तपासणीचा रिपोर्ट मध्येच अडकू नये म्हणून

लॅबने रिपोर्ट छापला म्हणजे तपासणी संपली असं नाही. डॉक्टरांनी तो पाहिला, त्यावर काहीतरी केलं आणि केसपेपरवर तसं लिहिलं, तेव्हाच ती संपली. म्हणून तपासणीच्या फॉर्मवर लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि मोबाईल नंबर हवाच. नुसतं ‘मेडिसिन युनिट’ लिहिलं असेल, तर रात्री दोन वाजता लॅबमधून फोन करायचा कोणाला?

जळगाव-धुळ्याकडे एका वॉर्डात तीन-चार पाटील सहज निघतात, नंदुरबारला पावरा, वसावे, पाडवी. रक्ताच्या नळीवर, फॉर्मवर आणि फोनवर, तिन्हीकडे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. बेड नंबर चालणार नाही, पेशंट रात्रीतून हलवला जातो. लेबल रक्त घेतल्याबरोबर पेशंटजवळच लावा.

तातडीने कळवायच्या आकड्यांची यादी डॉक्टर आणि लॅब यांनी मिळून ठरवावी. साधारणपणे पोटॅशियम 6 च्या वर किंवा 2.5 च्या खाली, सोडियम 120 च्या खाली, साखर 50 च्या खाली, प्लेटलेट 20 हजारांच्या खाली. असा आकडा आला की छपाईची वाट न बघता फोन करा. अंक सुटे सुटे बोला. सोडियम ‘एकशे बावीस’ सांगितलं की ‘एकशे बत्तीस’ ऐकू येतं, आणि दोन्हींच्या उपचारात फार फरक आहे. ‘साडेसहा’, ‘पावणेसात’ फोनवर नकोच. ‘सहा पॉइंट पाच’ म्हणा. ऐकणाऱ्याने लिहून घेऊन वाचून दाखवायचं, मग सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. रजिस्टरमध्ये वेळ, आकडा, घेणाऱ्याचं नाव. फोन सिस्टरांनी घेतला असेल, तर डॉक्टरांना किती वाजता सांगितलं तेही. पंधरा मिनिटांत डॉक्टर मिळाले नाहीत, तर त्यांचे वरिष्ठ, मग ड्युटीवरचे सीएमओ (तातडीच्या विभागाचे डॉक्टर). व्हॉट्सॲपवर निळी टिक दिसली म्हणजे कळवलं असं धरू नका, आणि पेशंटच्या नावासह रिपोर्ट ग्रुपवर तर टाकूच नका.

आकडा खोटाही असू शकतो. रक्त ओढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम वाढलेलं दिसतं. जांभळ्या टोपणाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं, तर पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम खूप खाली येतं. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर दर तासाला 5 ते 7 टक्क्यांनी घटते, उन्हाळ्यात त्याहून जास्त; म्हणून गावाकडच्या केंद्रातून येणारं साखरेचं सॅम्पल करड्या टोपणाच्या (साखर टिकवणाऱ्या) नळीतच हवं. शंका आली तर पुन्हा रक्त घ्या, पण तोवर फोन थांबवू नका. पोटॅशियम जास्त असेल तर ईसीजी लगेच काढता येतो.

सगळ्यात जास्त रिपोर्ट सुटतात ते डिस्चार्जनंतर. ब्लड कल्चरचा (रक्तात जंतू वाढतात का ते बघण्याचा) अंतिम रिपोर्ट बहुधा पाच दिवसांनी येतो, बायोप्सीला आठवडा जातो, तोवर पेशंट घरी गेलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर ‘रिपोर्ट बाकी’ असं ठळक लिहा: कोणता, कधी येणार, कोण बघणार. दोन नंबर घ्या, एक पेशंटचा आणि एक गावातच राहणाऱ्या माणसाचा. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणार का, हे विचारूनच घ्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवर रेंज मिळत नाही. तिथे आशाताईंकडून निरोप द्या, पण निरोप ‘दवाखान्यात या’ एवढाच. रिपोर्टमध्ये काय आहे ते सांगायचं नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्यानेही गोपनीयता पाळावी लागते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल नीट सांगा. त्याची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली की घरचे घाबरतात, मुलीचं लग्न मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. ही चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणं) लागतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही फसवं येऊ शकतं, म्हणून फॉर्मवर तसं लिहा. पेशंट पावरी किंवा भिली बोलत असेल तर ती भाषा येणारा कर्मचारी सोबत घ्या, नातेवाइकांवर सोडू नका. काय समजलं ते पेशंटलाच सांगायला लावा.

यायचे बाकी असलेल्या रिपोर्टचं रजिस्टर रोज सकाळी राऊंडच्या आधी एका ठरलेल्या माणसाने बघावं. तीनदा फोन लागला नाही तर नोंद बंद करू नका, संबंधित आरोग्य केंद्राला कळवा आणि तिथे कोणाशी बोलणं झालं ते लिहा.