जखमी जनावर आणल्यानंतरच्या या चुका टाळा

जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबादच्या आसपास गाडीची धडक बसलेला कुत्रा रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला, की हल्ली कोणी ना कोणी थांबते. पूर्वी असे थांबणारे फार थोडे असत. मात्र थांबलेल्या माणसाकडून पुढे त्याच त्या चुका होतात, आणि त्या निष्ठुरपणातून नव्हे तर घाईच्या मायेतून होत असल्यामुळे त्या दाखवून देणेही अवघड जाते. आमच्या छोट्या निवाऱ्यात अपघातातून वाचलेले जनावर पुढे चुकीच्या औषधाने किंवा अर्धवट सोडलेल्या उपचाराने दगावल्याचे प्रसंग आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांतले काही आमच्या हातून घडलेले आहेत.

उचलण्याची घाई

दुखावलेले जनावर चावते, मग ते कितीही गरीब असो. म्हणून ओढणी किंवा पट्टीने कुत्र्याचे तोंड सैलसर बांधून मगच त्याला हात लावावा. परंतु त्याला धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा ऊन लागले असेल तर तोंड बांधू नये, कारण कुत्रा तोंडावाटे धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. मागचे पाय निर्जीव वाटत असतील तर पाठीच्या कण्याला इजा झाल्याचे गृहीत धरून त्याला फळीवर किंवा दोघांनी ताणून धरलेल्या चादरीवर अलगद सरकवावे. पुढचे-मागचे पाय धरून उचलणे आणि रिक्षात मांडीवर वेटोळे करून बसवणे, या दोन गोष्टींनी थोडक्यात बचावलेला कणा कायमचा जायबंदी होऊ शकतो.

गर्दीतून हमखास एक सल्ला येतो: “त्याले थोडं दूध पाज भो!” हा सल्ला मनापासूनचा असला तरी तो मानू नये. अर्धवट शुद्धीत असलेल्या जनावराच्या तोंडात ओतलेले दूध किंवा पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते, आणि तासाभरात शस्त्रक्रिया करावी लागणार असेल तर भरलेल्या पोटामुळे भूल देणे धोक्याचे होते.

कुठे न्यायचे, हे जनावर हातात आल्यावर शोधत बसू नये. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ, जवळच्या खासगी पशुवैद्यकांचे क्रमांक आणि क्ष-किरण तपासणी कोठे होते ही माहिती आधीच लिहून ठेवलेली असावी. गाय, बैल, शेळी अशा पशुधनासाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. मोर, पोपट, कासव किंवा कोणताही वन्यप्राणी असेल तर १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवावे. यावल अभयारण्याच्या किंवा चाळीसगावकडील गौताळ्याच्या परिसरात विहिरीत पडलेल्या जनावराजवळ गावकऱ्यांनी परस्पर उतरू नये. जखमी पोपट बरा करून पिंजऱ्यात ठेवून घेणे हा तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पुष्कळ सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते.

रेबीजबाबतचा निष्काळजीपणा

जनावराला वाचवणाऱ्याने आधी स्वतःचा विचार करणे याला स्वार्थ म्हणता येत नाही. नियमितपणे जनावरे हाताळणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. खेड्यापाड्यांत अजूनही लावतात ते तिखट, चुना किंवा हळद लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. ज्याने आधी लस घेतलेली नाही त्याला ती दंडाच्या स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी घ्यावी लागते, आणि जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते. तिसऱ्या मात्रेनंतर कुत्रा ठणठणीत दिसतो म्हणून पुढच्या मात्रा परस्पर बंद करू नयेत, तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

दुसरी चूक कमी चर्चिली जाते, पण शेतकरी कुटुंबांत ती जास्त घडते. गाय किंवा बैल लाळ गाळू लागला, खाईनासा झाला आणि घोगरा हंबरू लागला, की घशात काही अडकले असावे या समजुतीने घरातील कोणीतरी तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. गुरांमधील रेबीज सुरुवातीला असाच दिसतो. अशा जनावराला काही दिवसांपूर्वी किंवा महिन्यांपूर्वी कुत्रा चावला होता का, हे विचारल्याशिवाय आणि पशुवैद्यक आल्याशिवाय त्याच्या तोंडाला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

घरातले औषध आणि गॅरेजमधले ऑइल

माणसाची वेदनाशामक गोळी जनावराला देणे ही आमच्या पाहण्यातील सर्वांत महागात पडलेली चूक आहे. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची क्षमता जवळजवळ नसते. त्यामुळे एका गोळीनेही त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि मांजर मरते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डायक्लोफिनॅकची कथा तर त्याहून मोठी आहे: हे औषध दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन देशातील गिधाडे जवळपास संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गोठ्यातील जुन्या पिशवीत उरलेली बाटली सापडली तर ती वापरू नये.

लूत भरलेल्या कुत्र्याच्या अंगाला जळके इंजिन ऑइल फासण्याची प्रथा आपल्याकडे गावोगाव आहे. त्या ऑइलने त्वचा भाजते, कुत्रा अंग चाटत असल्याने ते पोटातही जाते आणि कातडीच्या आत असलेले किडे बरेचसे तसेच राहतात. खरे तर अंगावर केस न उरलेला, कोणी जवळ करत नाही असा हा कुत्रा पशुवैद्यकाने दिलेल्या औषधाने सहसा महिना-दीड महिन्यात ओळखू येणार नाही इतका पालटतो. नवख्या स्वयंसेवकाला आम्ही मुद्दाम असा एखादा रुग्ण सोपवतो, कारण त्याच्याइतका हुरूप दुसरा कोणताही रुग्ण देत नाही.

जखमेत किडे पडले, की फिनाईल, रॉकेल किंवा पेट्रोल ओतण्याची घाई होते. त्याने वरचे किडे मरतात, खालचे अधिक खोल जातात आणि उघडे मांस जळते. डांबर गोळीची पूड भरल्यास ती जखमेतून शोषली जाऊन विषबाधा होऊ शकते. जखमेभोवतीचे केस कापावेत, जखम सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी, दिसतात तेवढे किडे चिमट्याने काढावेत, आणि उरलेल्यांसाठीचे औषध व त्याची मात्रा पशुवैद्यकाला वजन सांगून घ्यावी. मेलेला किडा आत राहिला तर तिथे पू होतो, त्यामुळे एकदा काढून काम संपत नाही.

कपाशीवर फवारणी सुरू झाली, की आणखी एक प्रकार वाढतो. लाळ गळणे, बुबुळातील बाहुली टाचणीएवढी होणे, अंग थरथरणे आणि जुलाब ही लक्षणे एकत्र दिसली तर फवारणीच्या औषधाची बाधा झाल्याची शक्यता धरावी. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. अंगावर औषध सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवावे, आणि औषधाची रिकामी बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. ती पाहून डॉक्टरांचा निर्णय काही क्षणांत होतो. बाटली मागितल्यावर शेतमालक संकोचतो, पण त्याला दोष द्यायला आपण आलेलो नाही हे स्पष्ट सांगितले की तो स्वतःच ती काढून देतो.

उपाशी जनावराला पोटभर खाऊ घालणे

कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्यापुढे भरलेले ताट ठेवू नये. अन्न एकदम मिळाल्यास रक्तातील क्षारांचे प्रमाण झपाट्याने ढासळून हृदय बंद पडू शकते, म्हणून पहिले काही दिवस थोडे थोडे अन्न दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. आईविना सापडलेली पिल्ले थंड पडलेली असतील तर आधी त्यांना ऊब द्यावी आणि मगच पाजावे. पाजताना पोटावर ठेवावे, बाळासारखे उताणे धरू नये. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात, त्यामुळे पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटीच वापरावी. गोशाळांमध्ये पोळ्याला येणारी पुरणपोळी, शिजवलेला भात आणि धान्याचे पोते गुरांना एकाच दिवशी घालणे म्हणजे आम्लधर्मी अपचनाला बोलावणे आहे, आणि भरल्या मनाने आलेल्या माणसाला हे सांगण्याचे काम ज्याच्या जिभेवर गोडवा आहे अशा कार्यकर्त्याकडे द्यावे.

उन्हाळा

खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडखाली तो त्याहून चढतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. ते १०४च्या पुढे गेल्यास जिवाला धोका असतो. बर्फ शोधण्यात वेळ न घालवता मिळेल ते साधे गार पाणी पोटावर, काखेत आणि पंजांवर ओतत पंखा लावावा. ओले गोणपाट अंगावर पांघरून ठेवू नये, कारण काही वेळाने तेच तापून आतली उष्णता कोंडते. गोणपाट शेडच्या बाजूला पडद्यासारखे टांगावे. तापमान १०३ वर आल्यावर पाणी थांबवावे, आणि जनावर उठून बसले तरी दवाखान्यात न्यावेच, कारण आतड्यांचे आणि मूत्रपिंडांचे नुकसान एक-दोन दिवसांनंतरही उघड होते.

नवे जनावर थेट जुन्यांत सोडणे

ही आमची स्वतःची चूक आहे. एका पावसाळ्यात गटारीजवळ सापडलेले, खेळकर दिसणारे पिल्लू जागेअभावी आम्ही इतर पिल्लांच्या खोलीत ठेवले. चौथ्या दिवशी त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, आणि आठवडाभरात त्या खोलीतील पाचपैकी दोनच पिल्ले उरली. हा पार्व्हो होता. त्याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला तो दाद देत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन मग घरगुती ब्लीचचा एक भाग ३० भाग पाण्यात मिसळून ते द्रावण फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे लागते. तेव्हापासून नवे जनावर १४ दिवस वेगळे ठेवणे, त्याची भांडी आणि झाडू वेगळे ठेवणे आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करणे हा नियम आम्ही मोडलेला नाही. पिल्लांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. एका टोचणीने संरक्षण मिळाले असे समजू नये.

गुरांच्या बाबतीत हा धडा आपल्या भागाला २०२२ मध्ये मिळालेला आहे. त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीतील राज्यातले पहिले रुग्ण ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात आढळले होते. लम्पी माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो, त्यामुळे गोशाळेत नुसती भिंत घालून विलगीकरण होत नाही. गोठ्यातील शेण, साचलेले पाणी आणि गोचीड यांचा बंदोबस्तही त्यासोबतच करावा लागतो.

बरे दिसले म्हणून उपचार थांबवणे

रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जननेंद्रियातून रक्त गळताना दिसते आणि लोक त्यांना हाकलतात. समागमातून पसरणारी ही गाठ दिसायला भीषण असली तरी व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा साधारणतः चार ते सहा इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण बरी होते. अडचण अशी, की दुसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबते, कुत्रा खाऊ लागतो, त्याला पकडून आणणे कठीण होते आणि आणणाऱ्याचा उत्साहही ओसरतो. मग दोन-तीन महिन्यांनी गाठ पुन्हा वाढते आणि तेव्हा तेच औषध लागू पडेलच असे नाही. लूत आणि गोचीड ताप यांचेही असेच होते. म्हणून पहिल्या दिवशीच सर्व तारखा दिनदर्शिकेवर लिहाव्यात आणि पूर्ण उपचार होईपर्यंत जनावर ठेवण्याची जागा व खर्च यांची व्यवस्था नसेल तर ते स्वीकारण्याआधी दुसरा सोबती शोधावा. नसबंदीचे टाके सुकेपर्यंतचे दहा-बारा दिवसही यातच येतात. गळ्याभोवतीची शंकूसारखी कॉलर दया येऊन काढली, की कुत्री त्याच रात्री टाके तोडते.

बऱ्या झालेल्या भटक्या कुत्र्याला दुसऱ्या गावाच्या शिवारात किंवा तापीकाठी नेऊन सोडणे हेही टाळावे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याला तो जिथून आणला तिथेच सोडायचे असते. परक्या हद्दीत त्याला तेथील कुत्री फाडतात. शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला आहे, त्यामुळे अशा ठिकाणाहून आणलेल्या कुत्र्याविषयी नगरपालिकेकडे विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

घर देताना

पिल्लू गोंडस असते तोवर मागणी भरपूर येते, आणि ‘मळ्यात राखणीला’ हे कारण सर्वांत जास्त ऐकू येते. मळ्यात कुत्रा सुखाने राहू शकतो, परंतु दिवसभर साखळीला बांधलेला, पाण्याचे भांडे रिकामे आणि सावली नाही, अशी अवस्था आम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली आहे. आता आम्ही जनावर देण्याआधी जागा पाहतो, मादी असेल तर नसबंदी करूनच देतो, आणि पहिल्या महिन्यात दोनदा फोन व एकदा भेट असे आधीच ठरवून घेतो. नव्या घरी पहिले काही दिवस कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो, जेवत नाही, कधी गुरगुरतो; हे सांगितले नसेल तर घरचे लोक तिसऱ्याच दिवशी त्याला रस्त्यावर सोडून मोकळे होतात. तीन पायांच्या किंवा एका डोळ्याच्या जनावराला कोणी नेणार नाही, असे आपणच ठरवून त्याला मागे ठेवू नये. पाय कापलेला कुत्रा सहसा काही आठवड्यांतच धावू लागतो, आणि तो धावताना पाहिल्यावर विचारायला येणारी माणसे निघतात. जमले नाही तर जनावर आमच्याकडेच परत आणावे, हे वाक्य आम्ही देतानाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापतो, आणि परत आणणाऱ्याला एकही कटू शब्द बोलत नाही.