वाचनालयाचे संकेतस्थळ करताना

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाने स्वतःचे संकेतस्थळ करायचे ठरवले, की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पहिली चर्चा बहुधा मुखपृष्ठावर कोणाकोणाची छायाचित्रे असावीत यावर होते. ती चर्चा पुढच्या बैठकीवर ढकलावी आणि तोवर देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवावी. लोक फोनवरून किंवा समोर येऊन जे जे विचारतात ते ग्रंथपालांनी दोन आठवडे त्या वहीत विचारणाऱ्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. आज उघडे आहे का, सभासद व्हायला अनामत किती आणि महिन्याची वर्गणी किती, अभ्यासिकेत जागा आहे का, दिवाळी अंकांची योजना कधी सुरू होणार, असे मोजके प्रश्न पुन्हा पुन्हा येतात असे दिसेल. जो प्रश्न सर्वाधिक वेळा आला असेल, त्याचे उत्तर मुखपृष्ठावर सर्वांत वर द्यावे.

रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. असा वारसा ज्या संस्थांना लाभला आहे त्यांना तो सांगावासा वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यांनी तो सविस्तर सांगावाही, मात्र वेगळ्या पानावर. दारात उभ्या असलेल्या माणसाला आधी दार कधी उघडते ते कळले पाहिजे.

वेळ लिहिताना ‘शासकीय सुट्ट्यांच्या दिवशी बंद’ एवढ्यावर थांबू नये, कारण त्या सुट्ट्या कोणत्या हे वाचकाला पाठ नसते. पुढच्या दोन-तीन महिन्यांतील बंद दिवसांच्या तारखा स्पष्ट द्याव्यात. फोन क्रमांक असा असावा की त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. पानावर दिसणारे अंक देवनागरी ठेवायला हरकत नाही, पण त्यामागच्या दुव्यात इंग्रजी अंकच घालावे लागतात. नाहीतर अनेक मोबाइलवर तो दुवा चालत नाही.

मराठी संकेतस्थळांची खरी गफलत मजकुराच्या लिपीत होते. वार्षिक अहवाल किंवा सूचना छापखान्यात जुन्या फाँटमध्ये जुळवलेली असते, आणि ती तशीच संकेतस्थळावर चिकटवली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. मग उपाय म्हणून सूचनेचा फोटो काढून तोच लावला जातो. तो डोळ्यांना दिसतो खरा, पण गूगलला त्यातील मजकूर भरवशाने सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, तो नीट वाचू शकत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना आणि मोबाइलना समजणाऱ्या अक्षर-संकेतांत, टंकित करावा आणि जुना मजकूर त्यात बदलून देणाऱ्या फाँट परिवर्तकातून काढून घेतल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरे आणि रफार यांत तेव्हा हमखास चुका राहतात.

फाँट विनामूल्य मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाचा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो’ पुरेसा आहे. निवडण्यापूर्वी ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘विठ्ठल’ आणि ‘ॲप’ हे चार शब्द त्यात लिहून पाहावेत. संकेतस्थळ बांधणाऱ्याला पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये करायला अवश्य सांगावे, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तेथे ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची दिसतात आणि स्क्रीन रीडरलाही मराठी उच्चार निवडता येतो. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर, तर उकार खाली जात असल्याने ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे अधिक, अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट ठेवावे. पांढऱ्यावर भगवी अक्षरे शोभिवंत दिसत असली तरी उन्हात मोबाइल पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदाला ती वाचता येत नाहीत. जागतिक सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते, आणि ते मोजून देणारी साधने फुकट उपलब्ध आहेत. सरकत्या पट्ट्या व आपोआप बदलणारी चित्रे मात्र सरळ काढून टाकावीत.

ग्रंथसूची संकेतस्थळावर देणार असाल तर शोधण्याची सोय नीट तपासावी. एक सभासद ‘पु. ल.’ असे लिहितो, दुसरा ‘पुल’, तिसरा ‘पुलं’, आणि पूर्णविरामानंतर जागा सोडली नाही म्हणून शून्य पुस्तके दाखवणारी यंत्रणा वाचकाला वाचनालयात ती पुस्तकेच नाहीत असे सांगून मोकळी होते. कोहा किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय अशी ग्रंथालयांसाठीची तयार संगणक प्रणाली वापरत असाल तरी हा प्रयोग स्वतः करून पाहावा.

मोबाइलवर काढलेले छायाचित्र अनेकदा ३ ते ५ एमबीचे असते. त्याची रुंदी १,२०० पिक्सेलपर्यंत कमी करून ते २०० केबीच्या आत आणावे. सभासदत्वाचा अर्ज छापून, भरून, पुन्हा स्कॅन करून पाठवायला लावू नये. नाव, पत्ता आणि मोबाइल एवढे विचारणारा छोटा अर्ज पुरतो. थकबाकीदारांची यादी फोन क्रमांकांसह संकेतस्थळावर लावण्याची सूचना कोणी बैठकीत मांडलीच, तर वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे याची आठवण करून द्यावी.

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्याच नावे आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे. मी मदत केलेल्या एका संस्थेत ते एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतले होते. तो नोकरीसाठी परगावी गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिल्या आणि मुदत उलटल्यावर ते नाव भलत्याच कोणीतरी घेतले. छापलेल्या पावती पुस्तकांवर मात्र ते पुढेही दिसत राहिले. नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात नोंदवावी, आणि नवे मंडळ निवडून आले की दप्तराबरोबर पासवर्डही कार्यवाहांकडे रीतसर सोपवावेत.

सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी पाच जणांकडून तपासून घ्यावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली मांडले होते, की बहुतेक अडचणी पाच माणसांच्या चाचणीतच उघड होतात. त्यांत एखादी आजी, अभ्यासिकेतला एखादा विद्यार्थी आणि कधीच सभासद नसलेला कोणीतरी असावा. प्रत्येकाला स्वतःचाच मोबाइल वापरू द्यावा, ‘येत्या सोमवारी वाचनालय उघडे आहे का ते शोधा’ एवढेच सांगावे आणि मग, कितीही जड गेले तरी, गप्प बसून त्यांचे बोट कोठे अडते ते त्याच वहीत लिहून ठेवावे.