स्लॅब टाकताना घरमालकाने काय पाहावे

स्लॅबच्या दिवशी घरमालक नारळ फोडतो आणि पुढे मजुरांच्या चहा-जेवणात अडकतो. पण बारकाईने पाहायचं ते आदल्या दिवशीच पाहावं लागतं. एकदा काँक्रीट पडलं की आतलं काही दिसत नाही.

सळ्या बांधून झाल्या की ड्रॉइंग घेऊन इंजिनिअरला सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट पेलणाऱ्या फळ्या-टेकूंच्या तात्पुरत्या साच्यावर, चढवा. ‘मिस्त्री अनुभवी आहे’ हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. सळई फळीला टेकलेली नको, तिच्याखाली साधारण २० मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे, हवेत. त्याजागी खडीचे तुकडे सरकवलेले दिसले तर बदलून घ्या. कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, कमी पडलं तर सळई लवकर गंजते, फुगते आणि खालचे पोपडे पडू लागतात. सेंट्रिंगच्या फटी बुजवलेल्या आहेत ना, पंख्याचे बॉक्स आणि लाइटचे पाइप बसलेत ना, हेही तेव्हाच बघा.

बाल्कनी आणि छज्जा नीट पाहा. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागाची मुख्य सळई खाली असते. पुढे लोंबणाऱ्या बाल्कनीत मात्र ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर लागते. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरूनच घमेली घेऊन फिरतात आणि ती दबून खाली जाते. वरून सगळं ठीक दिसतं, बाल्कनी मात्र कमकुवत होते. सळईखाली पुरेशा घोड्या (वरची सळई उचलून धरणारे सळईचेच वाकवलेले आधार) बसवा आणि चालायला फळ्या टाकून घ्या.

स्लॅबच्या दिवशी एकच भांडण करायचं, ते पाण्यावरून. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून मिक्सरमध्ये पाइप सोडून दिला जातो. हाताने माप घेऊन बनवलेल्या एम २० काँक्रीटला (ही काँक्रीटच्या ताकदीची एक प्रत) सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाइप बाजूला ठेवायला लावा, बादलीच वापरा. काँक्रीट हलवून दाबून बसवणारे व्हायब्रेटर दोन असू द्या, कारण एक हमखास बंद पडतो. काम मध्येच थांबलं तर जोड कुठे ठेवायचा, हे इंजिनिअरला आधीच विचारून ठेवा.

ओतताना नको असलेलं पाणी नंतर मात्र भरपूर लागतं. उन्हाळ्यात तर पृष्ठभाग जरा घट्ट होताच ओलं गोणपाट अंथरा. दुसऱ्या दिवशी वाफे बांधून पाणी तुंबवा. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटला किमान ७ दिवस, कडक उन्हात १० दिवस पाणी हवं. घरकामात सर्रास मिळणाऱ्या पीपीसीला (बहुधा राख मिसळलेलं सिमेंट) १४ दिवस धरावेत. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी शिंपडलं तर दुपारी स्लॅब कोरडाच असतो.

कंत्राटदाराला सेंट्रिंग पुढच्या साइटवर न्यायची घाई असते. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. हे आकडे साध्या ओपीसीचे आणि किमान आहेत. पीपीसी असेल किंवा थंडी असेल तर आणखी थांबा. बाल्कनीचे टेकू इंजिनिअरने सांगितल्याशिवाय हलवू नका, आणि काढताना मोकळ्या टोकाकडून सुरुवात करा.

सेंट्रिंग निघाल्यावर गिलावा व्हायच्या आत खालून बॅटरी मारून पाहा. कुठे खडी उघडी पडून पोकळ्या राहिल्या असतील किंवा सळई दिसत असेल, तर मिस्त्रीला तिथे सिमेंट थापू देऊ नका. फोटो काढा आणि इंजिनिअरला बोलवा.