रोजच्या जा-येचा हिशेब: सही करण्याआधी

घर बदलताय किंवा लांबची नोकरी धरताय, तर हिशेब आधी मांडा. मी मांडला होता, आणि चुकीचा मांडला. एका सकाळी नव्या घराजवळून बस पकडून ऑफिस गाठलं, ४० मिनिटं लागली. दोननं गुणलं, रोजची ८० मिनिटं लिहिली, स्वतःवर खूश झालो आणि करारावर सही केली. राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी संध्याकाळी घरी पोचायला सव्वा तास लागला. मंगळवारीही तेवढाच. रोज ३५ मिनिटं जास्त, म्हणजे महिन्याचे २२ दिवस धरले तर जवळजवळ तेरा तास. तेही फक्त येतानाचे.

म्हणून आधी एक कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘जाताना’, उजवीकडे ‘येताना’. इथून पुढे प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची. डावीकडचा आकडा उजवीकडे उतरवलात तर कागद फाडा आणि पुन्हा सुरू करा.

सुट्टीच्या दिवशी मोजू नका, हे सांगायला नको. मोबाइलच्या नकाशातला आकडाही रात्री अंथरुणात पडून बघू नका, तो रिकाम्या रस्त्याचा असतो. निघायची वेळ आणि आठवड्यातला मधला एखादा वार घालून बघा. मग दोन्ही टोकं उलटी करून संध्याकाळची वेळ घाला. ही दुसरी पायरी मी गाळली होती.

घड्याळ घराला कुलूप लावताना चालू करायचं आणि खुर्चीत बसल्यावर बंद करायचं. गाडीत बसल्यापासून मोजणारे लोक स्वतःलाच फसवतात. साधारण चालीनं एक किलोमीटर चालायला बारा मिनिटं लागतात. त्यात जिने, पादचारी पूल आणि लिफ्टची रांग धरा. स्वतःची गाडी असेल तर पार्किंगला जागा शोधण्याचा वेळही.

आता वाट बघणं. दर २० मिनिटांनी बस असेल आणि तुम्ही केव्हाही स्टॉपवर गेलात, तर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल असं आपण धरतो. बस नेमानं आली तर ते खरं. पण एक उशिरा आणि दुसरी तिच्या पाठोपाठ आली, म्हणजे एक खंड ३५ मिनिटांचा आणि पुढचा ५ मिनिटांचा झाला, तर बस तेवढ्याच असूनही सरासरी जवळजवळ १६ मिनिटांवर जाते. कारण साधं आहे: तुम्ही लांबलेल्या खंडातच स्टॉपवर पोचण्याची शक्यता जास्त. आणि या गोष्टी जोडीनं घडतात. उशीर झालेल्या बसला प्रत्येक स्टॉपवर जास्त माणसं भेटतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो, मागच्या बसला माणसंच उरत नाहीत म्हणून ती येऊन चिकटते. मार्गावर जितकं पुढे जावं, तितकं हे वाढत जातं.

माझं घर पहिल्या स्टॉपजवळ होतं. सकाळी बस वेळेवर सुटायची आणि खिडकीची जागा मिळायची. ऑफिस मात्र मार्गाच्या मध्यावर. संध्याकाळी पहिली बस आली ती दारात लोंबकळणारी माणसं घेऊन. ड्रायव्हरनं हातानंच ‘मागून येतेय’ अशी खूण केली आणि बस न थांबता पुढे काढली. मागून आली तीही भरलेली. तिसरीत एक पाय ठेवायला मिळाला. ऑफिस सुटायच्या वेळी एकदाच, फक्त दहा मिनिटं, त्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो असतो तर हे सगळं दिसलं असतं. तुम्ही जा. कुठे जायचं नसलं तरी जा. किती गाड्या न थांबता गेल्या ते मोजा आणि उजव्या रकान्यात लिहा.

एका फेरीवर भागवू नका. पाच दिवस ३८, ४१, ४०, ३९ आणि ६२ मिनिटं लागली तर सरासरी ४४ येते. पण ४४ धरून निघालात तर त्या ६२ च्या दिवशी बोलणी खाल. जाताना वाईटातला वाईट दिवस धरा. येताना उशिराबद्दल विचारायला कोणी नसतं, म्हणून तो वेळ कोणी मोजत नाही. मुलाला आणायची ठरलेली वेळ असेल, क्लास असेल, तर तिथेही वाईट दिवसच धरा.

खर्च. पेट्रोलचा मायलेज कंपनीच्या आकड्यावरून घेऊ नका. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या रस्त्यानं आठवडाभर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेलं पेट्रोल. गर्दीत इंजिन नुसतं धडधडत उभं असतं, म्हणून तेवढ्याच अंतराला येताना जास्त जळतं. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, विमा, पार्किंग, टोल धरा. गाडीची किंमत दर किलोमीटरला घटते, तेही धरा. तो खर्च खिशातून रोज जात नाही म्हणून आठवत नाही.

पास काढणार असाल तर पासाची किंमत भागिले एका फेरीचं भाडं: तितक्या फेऱ्या झाल्या तरच बरोबरी. मी महिन्याच्या ४४ फेऱ्या धरून पास काढला. प्रत्यक्षात संध्याकाळी कंटाळून आठवड्यातून दोनदा टॅक्सी करायला लागलो, तीही मागणी वाढल्यामुळे भाडं चढलेल्या वेळी. सकाळचा हिशेब तंतोतंत जुळला होता बरं का.

बाकी भराभर. पावसाचा दिवस वेगळा मोजा. दुसरा रस्ता शोधून ठेवा. वर्षाचे दिवस ३६५ नव्हेत. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर साधारण २६१, त्यातून सण आणि रजा वजा. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघा. घराकडे येणारी.